कॅपिटल एम की स्मॉल एम?

[दृश्य: कोयनेचं धरण]

कोयना जलविद्युत प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट. इंग्रजीत हे चिन्हांनी लिहायला दोन अक्षरं पुरतात, कॅपिटल एम आणि कॅपिटल डब्ल्यू. यातला एम चुकून स्मॉल पडला, की उरतात १,९६० मिलिवॅट, म्हणजे धड दोन वॅटसुद्धा नाहीत. फरक थेट शंभर कोटी पटींचा.

बुटाचं पॉलिश आणि पोलंडची पोलिश भाषा, दोन्हींचं इंग्रजी स्पेलिंग एकच. वेगळं असतं ते फक्त पहिलं अक्षर. पण वाक्यात संदर्भ असतो, तो सांभाळून घेतो. मोजमापाच्या चिन्हाशेजारी बहुतेकदा नुसता आकडा असतो.

[दृश्य: उपसर्गांचा तक्ता]

उपसर्गांचा नियम सोपा आहे. किलो आणि त्याहून लहान सगळे स्मॉल. मेगा, गिगा, टेरा आणि त्यापुढचे कॅपिटल. किलोला मोठा के देता येत नाही, कारण तो तापमानाच्या केल्विन या एककाचा आहे. म्हणून पाटीवर मोठा के आणि लहान जी असेल, तर काटेकोर वाचन 'केल्विन-ग्रॅम' असं होतं. तांदूळ मात्र बरोबर मिळतात!

एककाला माणसाचं नाव असेल तर चिन्ह मोठं: वॅट, न्यूटन, पास्कल. नाहीतर लहान: मीटर, ग्रॅम, सेकंद. त्यामुळे स्मॉल एस म्हणजे सेकंद, आणि कॅपिटल एस म्हणजे सीमेन्स, पाण्याची विद्युतवाहकता ज्यात मोजतात ते एकक. लिटर अपवाद. ते कुणाचं नाव नाही, तरी १९७९ पासून त्याला मोठा एलही चालतो, कारण लहान एल इंग्रजी एकच्या आकड्यासारखा दिसतो.

[दृश्य: मोबाइलवर डाउनलोड सुरू]

घरोघरी गोंधळ होतो तो इंटरनेटच्या वेगाचा. स्मॉल बी म्हणजे बिट, कॅपिटल बी म्हणजे बाइट, आणि आठ बिटांचा एक बाइट. कनेक्शन विकलं जातं सेकंदाला १०० मेगाबिट म्हणून, आणि डाउनलोडची खिडकी बहुतेकदा मेगाबाइट दाखवते. शंभरला आठने भागा: १२.५. एक गिगाबाइटची फाइल उतरायला किमान ८० सेकंद लागणारच. प्रत्यक्षात थोडे जास्त, कारण पत्ते आणि तपासणीची माहितीही त्याच तारेतून जाते. बारा दिसले म्हणून कंपनीशी भांडायला जाऊ नका. तीन-चार दिसत असतील, तर आधी केबल लावून मोजा, वायफायवर नको.

कॅलरीचंही असंच. एक ग्रॅम पाण्याचं तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवणारी उष्णता ही स्मॉल सीची कॅलरी, सुमारे ४.१८ ज्यूल. आहारातली कॅपिटल सीची कॅलरी तिच्या हजारपट, म्हणजेच पाकिटावरची किलोकॅलरी. शंभर कॅलरींच्या खाऊचं उत्तर ४१८ ज्यूल आलं, तर हजाराने गुणायचं राहिलंय. बरोबर उत्तर ४१८ किलोज्यूल.

[दृश्य: सगळी अक्षरं कॅपिटल असलेलं छापील लेबल]

चूक होते कुठे? सगळी अक्षरं कॅपिटल छापणाऱ्या लेबलांत, शीर्षकांत, आणि वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करणाऱ्या कीबोर्डवर. रसायनांच्या यादीत तर कोबाल्ट धातूचं चिन्ह असं छापलं की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार! नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या उपसर्गांतही हाच धोका आहे. कॅपिटल आर म्हणजे रोना, एकावर सत्तावीस शून्यं. स्मॉल आर म्हणजे रोंटो, त्याच संख्येने एकाला भागल्यावर येणारा अंश.

देवनागरीत तर लहान-मोठं अक्षर हा भेदच नाही. 'एमबी' मेगाबिट की मेगाबाइट, 'एमडब्ल्यू' मिलिवॅट की मेगावॅट, हे नुसतं वाचून कळणार नाही. म्हणून मराठी बातमीत, पाटीवर किंवा माहितीपत्रकात आद्याक्षरं टाळा आणि पूर्ण शब्द लिहा: मिलिवॅट, मेगावॅट, मेगाबिट, मेगाबाइट. जागा थोडी जास्त लागेल, तेवढी ठेवा.