म्हैस व्याली का? कर्वे, मुरूड आणि मोठ्यांचं वाचन

(दुर्गादेवीच्या देवळाबाहेर, पायरीवर बसून)

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, हे मुरूड जंजिऱ्याचं नव्हे, दापोलीचं. मागच्या वेळी निम्म्या कमेंट 'किल्ला दाखवा' अशाच होत्या.

आज बोलायचंय धोंडो केशव कर्व्यांबद्दल. विधवाविवाह, हिंगणे, १९१६ चं महिला विद्यापीठ, १९५८ चं भारतरत्न, हे सगळं आपण शाळेत घोकलंय. ते बाजूला ठेवू.

हे मागे देऊळ दिसतंय ना? कर्वे लहान असताना इथे मोठ्या माणसांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. त्यांना या कामाला लावलं सोमण गुरुजींनी. गावातली जाणती माणसं मांडी घालून बसलेली, आणि मिसरूड न फुटलेला पोरगा त्यांना जगाची खबर देतोय! अर्थात, तेव्हा देवळात सगळ्या गावाला जागा नव्हती, हेही लक्षात असू द्या. जातिभेदाविरुद्ध समता संघ कर्व्यांनीच काढला, पण तो १९४४ मध्ये.

आता थेट १९३६ वर या. वय ७८. या वयात माणूस झोपाळ्यावर बसतो. यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. लोकल बोर्डाची शाळा जिथे पोचली नाही, त्या खेड्यात शाळा काढायची. आणि जोडीला, गावातल्या मोठ्या माणसांची वाचायची सवय टिकवायची. मला हे दुसरं काम जास्त शहाणपणाचं वाटतं, ते माझ्या आजीमुळे.

आजोबा मुंबईला गिरणीत. महिन्याला मनीऑर्डर, अधूनमधून कार्ड. मनीऑर्डरीवर आजीचा अंगठा. शाई ती केसांना पुसायची. कार्ड वाचायला पोस्टमन. तो ओटीवर टेकला की शेजारपाजार जमायचा. नवऱ्याने बायकोला लिहिलेलं कार्ड, ऐकणार अख्खी वाडी! मग बिचारे आजोबा लिहिणार तरी काय? 'पाऊस कसा आहे? म्हैस व्याली का?'

२ ऑक्टोबर १९७८ ला देशात राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. पुढे आमच्या वाडीतही रात्रीचा वर्ग निघाला. कंदील, पाट्या, आणि दिवसभर राबून पेंगणाऱ्या बायका. आजी काना, मात्रा, वेलांटी सगळं शिकली, जोडाक्षरांपर्यंत आली. तेवढ्यात पाऊस लागला, भातलावणी आली, वर्ग बंद पडला तो पडलाच. घरात छापील म्हणावं तर भिंतीवरचं कॅलेंडर. दोन वर्षांत अक्षरं गेली, सही तेवढी उरली.

शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या हो. पण पोहायला शिकवायचं आणि विहीर बुजवायची, असा तो प्रकार. कर्व्यांना ही गोष्ट चाळीसेक वर्षं आधी कळली होती. देवळात पेपर वाचणाऱ्या पोराला ती कळणारच, असं आपलं माझं मत.

आजी गेल्यावर तिच्या ट्रंकेत कार्डांचा गठ्ठा निघाला. त्यातलं हे एक. थांबा, जवळ धरतो.

दिसतंय? आजोबांच्या शाईवरून पेन्सिल फिरवलीय. 'पाऊस कसा आहे' सगळं गिरवलंय. मग 'म्हैस' मधल्या 'म्है'वर दोनदा खोडलंय. पुढे पेन्सिल नाही.