वसुलीआधीची उचल

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेतल्या बऱ्याच नगरपालिकांचं आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होतं. पगार, पेट्रोल, विजेची बिलं, ठेकेदारांची देणी लगेच सुरू होतात. मालमत्ता कर मात्र आपल्या तारखेलाच येतो. कॅलिफोर्नियात पहिला हप्ता 1 नोव्हेंबरला देय होतो आणि 10 डिसेंबरनंतर थकीत धरतात. दुसरा 1 फेब्रुवारीला देय, 10 एप्रिलनंतर थकीत. त्यामुळे अंदाजपत्रक कागदावर तंतोतंत जुळलेलं असतं, आणि ऑक्टोबरात तिजोरीत खडखडाट असतो.

ही मधली नड भागवायला पालिका ‘टॅक्स अँटिसिपेशन नोट’ काढते. बोलताना नुसतं ‘टॅन’ म्हणतात. नोट म्हणजे इथे चलनी नोट नव्हे, वचनचिठ्ठी: येणाऱ्या करातून अमुक तारखेला मुद्दल आणि व्याज देऊ. मुदत बहुधा वर्षभराची किंवा त्याहून कमी.

किती उचलायचे, इथेच खरी मेख आहे. कागद-पेन जवळ असेल तर घ्या. एक काल्पनिक गाव धरू. दरमहा खर्च 20 लाख डॉलर. विक्रीकर, परवाना शुल्क वगैरेंतून दरमहा 5 लाख येतात. मालमत्ता कराचे दोन हप्ते, डिसेंबर आणि एप्रिलमध्ये, प्रत्येकी 90 लाख. वर्षाची बेरीज केलीत तर जमा 240 लाख, खर्चही 240 लाख. 1 जुलैला हातात 15 लाख आहेत.

दर महिन्याला 15 लाख कमी पडतात. जुलैअखेर शिल्लक शून्य. ऑगस्टअखेर उणे 15, मग उणे 30, उणे 45, आणि नोव्हेंबरअखेर उणे 60 लाख. हा वर्षातला तळ. नोट या तळाच्या मापाने काढायची असते.

हौसेने जास्त उचललं तर? या नोटांचं व्याज गुंतवणूकदाराला सहसा केंद्रीय आयकरातून माफ असतं, म्हणून पालिकेला ते स्वस्तात मिळतं. स्वस्तात उचलून महाग व्याजाने ठेवायचं, हा खेळ केंद्रीय कर कायद्याला मान्य नाही. तशी वरकमाई परत करावी लागते. त्यातून सुटण्याचा एक सरळ मार्ग म्हणजे नोट काढल्यापासून सहा महिन्यांच्या आत एकत्रित तूट, म्हणजे हाच तळ, नोटेच्या रकमेच्या 90 टक्क्यांहून जास्त झाली पाहिजे. आपल्या गावाची तूट 60 लाख, म्हणजे 66 लाखांची नोट चालते, 70 लाखांची नाही. कॅलिफोर्नियाचा राज्य कायदा मुद्दल आणि व्याज मिळून वसूल व्हायच्या उत्पन्नाच्या 85 टक्क्यांपर्यंत परवानगी देतो. आपल्या गावाला जुलैत तो आकडा 204 लाख येईल. तेवढ्याने भुलू नये. राज्याची मर्यादा म्हणजे गरजेचं माप नव्हे.

तक्ता महिनाअखेरच्या शिल्लकेवर बेतला की फसगत होते. पगार डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जातो आणि कराचा भरणा 10 तारखेच्या आसपास येतो. खरा तळ 30 नोव्हेंबर नसून 8 किंवा 9 डिसेंबर असू शकतो. म्हणून त्या दोन महिन्यांचा तक्ता दिवसागणिक मांडावा.

आता परतफेड. कर आला की ठरलेला भाग वेगळ्या खात्यात टाकायचा आणि त्याला हात लावायचा नाही. सगळे 66 लाख डिसेंबरलाच बाजूला काढले तर मार्चअखेर गाव पुन्हा उणे 30 लाखांवर जातं. एक खड्डा बुजवून दुसरा खणला. निम्मे डिसेंबरला, निम्मे एप्रिलला असं ठरवलं तर मार्चअखेर हातात 3 लाख उरतात. ऐकायला बरं वाटतं, पण डिसेंबरच्या हप्त्यातले 5 टक्के जरी उशिरा आले तरी साडेचार लाख कमी पडतात. 3 लाखांचे उणे दीड लाख झाले. 40 टक्के डिसेंबरला आणि 60 टक्के एप्रिलला ठेवले तर मार्चअखेर 9 लाख 60 हजार उरतात, आणि तेवढी थकबाकी सोसते. व्याजाचं म्हणाल तर 3 टक्के दराने दहा महिन्यांचे 1 लाख 65 हजार. वकील आणि सल्लागारांचा खर्च निराळा. लहान गावांत तो खर्चच व्याजाच्या तुलनेत डोईजड होतो, म्हणून ती पतमानांकनाच्या भानगडीत न पडता एखाद्या बँकेलाच नोट विकतात.

हे सगळं बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, थकबाकीला जमा समजणं. दोन, जुनी नोट फेडायला नवी नोट काढणं, म्हणजे ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. पहिल्या वर्षी कुणाच्या लक्षातही येत नाही.

न्यूयॉर्क शहरात दोन्ही झालं. वर्षानुवर्षांची तूट अल्पमुदतीच्या नोटांनी झाकली जात होती. वसूल न होणारा करही, अगदी शहराच्याच मालकीच्या इमारतींवरचा, येणे म्हणून वहीत मांडला होता. फेब्रुवारी 1975 मध्ये 26 कोटी डॉलरच्या टॅन विकायच्या होत्या. नोटा घेणाऱ्या बँकांच्या वकिलांनी विचारलं, इतका कर खरोखर येणे आहे का, ते दाखवा. शहराला ते दाखवता आलं नाही आणि विक्री रद्द झाली. लवकरच शहराला बाजारातून कर्ज मिळणं बंद झालं. वर्षअखेर राज्याने काही नोटांची परतफेड कायद्याने पुढे ढकलली. 1976 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला.

डिसेंबर 1975 मध्ये केंद्र सरकारने शहराला हंगामी कर्ज द्यायचं मान्य केलं, एका वेळी 2.3 अब्ज डॉलरपर्यंत. व्याज सरकारच्या स्वतःच्या कर्जदरापेक्षा एक टक्का जास्त. आणि अट अशी की प्रत्येक वर्षाचं कर्ज त्याच आर्थिक वर्षात, 30 जूनच्या आत, पूर्ण फेडायचं. शहराने ती सगळी कर्जं मुदतीत फेडली.

नमस्कार.