मास्तर, हात मागे!

नमस्कार मंडळी! (पुठ्ठ्याचा खोका पुढे ओढत) आत बघा: आइस्क्रीमच्या काड्या, रबरबँड, स्प्रिंगा, दोन छोट्या मोटर. अमेरिकेत एमआयटीत वुडी फ्लॉवर्स नावाचे मेकॅनिकलचे प्राध्यापक होते. १९७०च्या दशकात ते वर्गातल्या प्रत्येकाला असाच सटरफटर सामानाचा संच द्यायचे. सगळ्यांना अगदी सारखा. यातून यंत्र बनवा आणि सगळ्यांसमोर स्पर्धेत उतरवा!

पुढे डीन केमन या अमेरिकन संशोधकांनी १९८९ मध्ये मुलांना विज्ञान-तंत्रज्ञानाची गोडी लावण्यासाठी ‘फर्स्ट’ ही संस्था काढली आणि फ्लॉवर्स त्यांच्या सोबतीला आले. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या जिममध्ये २८ संघांची पहिली रोबो-स्पर्धा झाली: शाळेतल्या मुलांनी रोबो बनवायचा आणि मैदानात उतरवायचा.

या स्पर्धेतली एक गोष्ट मला फार आवडते. आज मैदानात तीन संघ विरुद्ध तीन संघ असे सामने होतात, आणि प्राथमिक फेरीत जोडीदार दर सामन्याला बदलतात. आत्ता जो समोर उभा आहे, तोच तासाभरात तुमच्या बाजूने खेळू शकतो. मग त्याची मोटर जळली तर आपली जादाची काढून द्यायची की नाही? मुलं देतात हो, धावत जाऊन देतात! जीव तोडून खेळायचं, पण समोरच्याचा मान राखून. फ्लॉवर्स याला ‘ग्रेशस प्रोफेशनॅलिझम’ म्हणायचे.

आणि सगळ्यात मानाचा पुरस्कार कोणाला? सामने जिंकणाऱ्या रोबोला नाही. तो ‘इम्पॅक्ट अवॉर्ड’, आपल्या गावात, आसपासच्या शाळांत जाऊन विज्ञानाची गोडी लावणाऱ्या संघाला. मार्गदर्शकांसाठी फ्लॉवर्स यांच्याच नावाचा पुरस्कार १९९६ पासून आहे, आणि त्यासाठी नाव सुचवतात विद्यार्थी! मला हे अगदी पटतं. मास्तर कसा आहे, ते पोरांइतकं कोणाला कळणार?

आता माझ्या वर्गातलं सांगतो. आठवीतल्या एका मुलीने बनवलेली दोन मोटरची छोटी गाडी जागच्या जागी गरगर फिरत होती. मला बघताक्षणी कळलं, एका मोटरच्या दोन वायरी उलट्या जोडल्यात. हात पुढे गेलासुद्धा. मग मागे घेतला आणि विचारलं, “कुठलं चाक उलटं फिरतंय?” तिने गाडी उचलली, चाकांवर बोट टेकवून बघितलं. वीस मिनिटं गेली, मला ती फार जड गेली. शेवटी तिने स्क्रू सैल केला, लाल-काळी वायर अदलाबदल केली, आणि गाडी सुसाट सरळ!

ती माझ्याकडे आलीच नाही. शेजारच्या टेबलावर एका मुलाची गाडी तशीच गरगरत होती, तिकडे गेली आणि म्हणाली, “थांब, हात नको लावू कोणी. आधी सांग, कुठलं चाक?”