एका रात्रीचे चार बँड

(सांगली येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सांगलीकर रसिकहो, आजचा विषय पंक रॉकचा, म्हणजे आखूड, वेगवान आणि साध्या गाण्यांच्या रॉक संगीताचा असला, तरी कोणा एका गाजलेल्या बँडचे चरित्र सांगायला मी उभा नाही. एकाच रात्री, एकाच रंगमंचावर चार-चार बँड पाठोपाठ वाजवतात, त्या कार्यक्रमाच्या बांधणीविषयी मला बोलायचे आहे, कारण पंकचे खरे कर्तृत्व मला ध्वनिमुद्रिकांपेक्षा या बांधणीत दिसते. ज्याला धड वाजवताही येत नाही त्याला लोकांसमोर उभे राहण्याची संधी या रात्रींनी दिली.

लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर ‘हंड्रेड क्लब’ नावाचे तळघरातले सभागृह आहे. एरवी ते जॅझसाठी ओळखले जाई. तेथे २० आणि २१ सप्टेंबर १९७६ या दोन रात्री पंक बँडचा महोत्सव झाला. पहिल्या रात्री सबवे सेक्ट, सूझी अँड द बॅनशीज, द क्लॅश आणि शेवटी सेक्स पिस्टल्स असा क्रम होता. यांतल्या पहिल्या दोघांचा तो पहिलाच जाहीर कार्यक्रम होता, तर क्लॅशला लोकांसमोर येऊन तीन महिनेही झाले नव्हते. बॅनशीजकडे तर बसवलेले एकही गाणे नव्हते. एका ख्रिस्ती प्रार्थनेच्या आधाराने त्यांनी सुमारे वीस मिनिटे आयत्या वेळी सुचेल ते वाजवले आणि ड्रमवर बसलेला तरुण त्या वाद्याला जवळजवळ नवखाच होता. दुसऱ्या कोणत्याही संगीतसभेने त्यांना दारातूनच परत पाठवले असते. याच बँडचे स्वतंत्र ध्वनिमुद्रिका म्हणून निघालेले पहिले गीत (सिंगल) १९७८ मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत पहिल्या दहांत पोहोचले आणि पुढे हा बँड १९९६ पर्यंत टिकला.

त्या रात्री बॅनशीजजवळ स्वतःची वाद्यसामग्रीही नव्हती. क्लॅशची मागितली, तेव्हा त्यांच्या व्यवस्थापकाने ती नाकारली, कारण बॅनशीजच्या मंडळींनी नाझी स्वस्तिकाचे चिन्ह मिरवले होते. तो नकार मला योग्य वाटतो. लोकांना धक्का देण्याच्या हौसेपायी असली चिन्हे अंगावर घालण्याचे समर्थन होऊ शकत नाही. अखेर सेक्स पिस्टल्सच्या सामग्रीवर त्यांचे काम भागले.

ही उसनवारी अशा रात्रींचा कणाच आहे. दोन बँडच्या मधल्या दहा-पंधरा मिनिटांत रंगमंचाकडे नीट पाहावे. ड्रमचा मोठा संच आणि अँप्लिफायर जागचे हलत नाहीत, ते सर्वांचे असतात. उतरणारा ड्रमवादक आपला स्नेअर (संचातला खणखणीत वाजणारा छोटा ड्रम), झांजा आणि पायाचे पेडल तेवढे उचलतो आणि चढणारा त्याच स्टँडवर आपल्या झांजा अडकवून त्यांचे नट पिळतो. कोणाची तार तुटलेली असते, कोणी गिटार उसनी मागत असतो. घामाने निथळणारा गायक खाली उतरून गर्दीत उभा राहतो आणि पुढच्या बँडचा श्रोता होतो. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गायक-वादक हजेरी लावतात. त्या परंपरेत वाढलेल्यांना आपली पाळी झाल्यावर दुसऱ्याचे ऐकत बसण्याचे मोल वेगळे सांगायला नको. फरक तयारीचा आहे आणि तो लहान नाही: तिकडे वर्षानुवर्षांची तालीम लागते, पंकमध्ये तीन कॉर्डवर, म्हणजे गिटारवर एकदम छेडायच्या तीन स्वरसमूहांवर, माणूस उभा राहतो.

गाणी आखूड असतात म्हणून हे सारे एका रात्रीत बसते. न्यूयॉर्कच्या ‘सीबीजीबी’ या क्लबात १९७४ पासून वाजवणाऱ्या रमोन्स या बँडच्या १९७६ सालच्या पहिल्या अल्बममध्ये चौदा गाणी मिळून अर्धा तासही होत नाही. आलाप नाही, लांबलचक गिटारवादन नाही. त्यामुळे अर्ध्या तासात एक बँड आपले म्हणणे पुरे करतो आणि जागा सोडतो.

हंड्रेड क्लबची दुसरी रात्र मात्र दुःखद ठरली. गर्दीतून भिरकावलेला काचेचा ग्लास फुटला आणि एका तरुणीचा डोळा कायमचा गेला. त्यानंतर क्लबने पंकला दार बंद केले. पंकचे कौतुक करताना ही गोष्ट गाळणे मला अप्रामाणिक वाटते. पुढे वॉशिंग्टनच्या फुगाझी या बँडने यावर फार चांगला मार्ग काढला. त्यांच्या कार्यक्रमांचे तिकीट बहुधा पाच डॉलर असे. गर्दीत कोणी दांडगाई करू लागला की ते वाजवणे थांबवत, त्याला समज देत आणि तरीही ऐकले नाही तर त्याचे पैसे परत करून त्याला बाहेर काढत. रंगमंचासमोरची जागा अंगाने लहान असलेल्या मुलामुलींचीही आहे, हे त्यांनी कृतीने मान्य केले.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ज्या गावात मराठी नाटक उभे केले, तेथे अशी रात्र सहज घडू शकते. त्यासाठी लागतो तो एक ड्रमसंच, दोन-तीन अँप्लिफायर, दोन माइक आणि शे-दीडशे माणसांचे सभागृह. रात्री दहाच्या आत सारे आटोपावे, म्हणून संध्याकाळी सहाला सुरुवात करावी, प्रत्येक बँडला अर्धा तास द्यावा, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे आणि काचेची बाटली आत येऊ देऊ नये. पहिली पाळी गावातल्या सर्वांत नव्या बँडला द्यावी, आणि शेवटी वाजवणाऱ्यांना अट घालावी, की त्यांनी सहा वाजताच येऊन समोर उभे राहावे.