सात जिवांचं मोइनमोइन

श्रोतेहो, नमस्कार. चवळी म्हटली की आपल्याला उसळ आठवते. पण चवळीचं माहेर पश्चिम आफ्रिका, आणि तिथे नायजेरियाच्या योरुबा मुलखात तिचे लाड काही औरच. वाटून, फेटून तेलात तळली की अकारा. पानात बांधून उकडली की मोइनमोइन.

आम्ही इबादानला राहायचो, तेव्हा शेजारच्या बाईंनी मला हे शिकवलं. त्यांना सगळे मुलाच्या नावापुढे 'इया' लावून हाक मारत. इया म्हणजे आई. आपल्याकडच्या 'बंड्याच्या आई'सारखंच! माझा पहिला घाणा फसला. उसळीच्या सवयीनं चवळी रात्रभर भिजवली आणि सालासकट वाटली. तपकिरी, भरभरीत गोळा झाला. इयांनी एक घास खाल्ला आणि हसून पाणी मागितलं.

चवळी दहा-पंधरा मिनिटंच भिजवायची. मग पाण्यातच तळव्यांमध्ये चोळायची. साल सुटतं, त्याच्याबरोबर तो काळा डोळाही जातो. सालं तरंगली की पाणी ओतायचं, पुन्हा चोळायचं. पाच-सहा पाणी होतात, कंटाळा येतो, पण इथे सुट्टी नाही. उरलेली पांढरीशुभ्र डाळ आणखी तासभर भिजवून लाल ढोबळी मिरची, कांदा आणि एखादी जहाल मिरची घालून गंधासारखी वाटायची. धिरड्याइतकं सैल करून मीठ, तेल आणि सुक्या कोळंबीची पूड घालायची. जवळा भाजून कुटलात तरी चालेल. मग डावानं चांगलं फेटायचं.

तिकडे 'एवे एरन' नावाचं रुंद पान वापरतात. चणेवाल्याच्या पुडीसारखा द्रोण वळायचा, खालचं टोक मागे दुमडून मुठीत धरायचं, पीठ ओतायचं, वरचं तोंड मिटायचं. पानांचे देठ पातेल्याच्या तळाशी अंथरून त्यावर पुड्या उभ्या करतात. आपल्याकडे केळीचं पान आचेवर शेकून घ्या. हळदीचं नको, त्याचा वास सगळ्यावर कुरघोडी करतो.

आत उकडलेलं अंडं, मासा असं काय काय घालतात. भरगच्च असेल तर त्याला 'एलेमी मेजे' म्हणतात, म्हणजे सात जिवांचं. मी अजून तीन जिवांपुढे गेलेले नाही.

तासभर वाफवा. गरम असताना उघडलंत तर कच्चं वाटेल, निवू द्या. मग पान सोडवलं की त्याच्या शिरांचे ठसे वडीवर उमटलेले दिसतात. सोबत आंबवलेल्या मक्याची पेज, ओगी.