गंगेचा गडू रामेश्वराला नेताना

नमस्कार श्रोतेहो.

तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात नाथमहाराजांनी कावडीतली गंगा ओतली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती कावड निघाली होती कुठे? काशीहून रामेश्वरला. काशीची गंगा रामेश्वराच्या पिंडीवर घालायची आणि तिथल्या सेतूची वाळू प्रयागला संगमात सोडायची, तेव्हा कुठे यात्रा पुरी होते, अशी आपली जुनी रीत.

आमच्या देवघरात तांब्याचा एक गडू होता. वीतभर उंचीचा, तोंडाला झाळून, डाग देऊन बंद केलेला. माझ्या आजेसासूबाई काशी करून आल्या, मावंदं झालं, पंगती उठल्या आणि गंगा देवघरात बसली. रामेश्वर मात्र त्यांना घडलं नाही. सासूबाई दर दसऱ्याला तो गडू चिंचेनं घासायच्या आणि म्हणायच्या, "हिला एकदा पोचवायला हवं." त्यांना शहात्तरावं लागलं तेव्हा आम्ही मनावर घेतलं. या जाण्यात आमचं जे चुकलं ते आज मुद्दाम सांगते. वडीलधाऱ्यांना घेऊन निघायच्या बेतात असाल, तर ऐका.

आम्ही दिवाळीची सुट्टी धरली. मुलांच्या शाळा बंद, रजा मिळालेली, पुण्यातलं निम्मं गाव त्याच दिवसांत बाहेर पडतं. पण तामिळनाडूच्या किनाऱ्यावरचा मोठा पाऊस आपल्यासारखा जून-जुलैत नसतो. तो ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो आणि वादळंही तेव्हाच उठतात. १९६४ च्या डिसेंबरात रामेश्वरजवळचं धनुष्कोडी गाव उद्ध्वस्त झालं, माणसांनी भरलेली आगगाडी समुद्रानं ओढून नेली, ते वादळ याच मोसमातलं. आम्हाला वादळ लागलं नाही, पण पाऊस पाठ सोडेना.

त्यात पाच दिवसांत मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी, तिरुवनंतपुरम असं सगळं बसवलेलं. रामेश्वरला एकच रात्र! निघतानाच गडूनं परीक्षा पाहिली. सासूबाईंनी तो जिवापाड जपून हातातल्या पिशवीत घेतलेला. असा बंद केलेला पाण्याचा गडू विमानात सोबतच्या सामानात अडवतील, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. तपासणीवरच्या मुलीनं समजुतीनं सांगितलं, आणि मी धावत मागे जाऊन गडू मोठ्या बॅगेत, शालीत गुंडाळून दिला. मदुराईला बॅग हातात येईपर्यंत सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत.

रामेश्वरच्या दारात पोचलो तेव्हा एक वाजत आलेला. देऊळ दुपारी एक ते तीन बंद असतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तीर्थस्नानाला उभे राहिलो. तिथला क्रम असा: आधी पूर्वेच्या समुद्रात, म्हणजे अग्नितीर्थात बुडी मारायची, मग देवळाच्या आवारातल्या २२ तीर्थांचं पाणी अंगावर घ्यायचं, मग कोरडे कपडे नेसून दर्शन. ओलेत्यानं गाभाऱ्याकडे सोडत नाहीत. ही तीर्थं म्हणजे बहुतेक विहिरीच. काठावर उभा असलेला माणूस दोरीनं बादली शेंदतो आणि थेट डोक्यावर ओततो. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि पाणी चवीला खारट नाही! पण एका विहिरीपासून दुसरीपर्यंत ओल्या, गुळगुळीत फरशीवरून अनवाणी चालायचं, मागून गर्दीचा रेटा. बाराव्या विहिरीशी सासूबाई कुडकुडायला लागल्या. त्यांना कडेला बसवलं, पंच्यानं पुसलं, कपडे बदलून दर्शन उरकलं, तोवर गाडीवाल्याचा तिसरा फोन आला. गंगेच्या अभिषेकाची चौकशी करायलाही वेळ उरला नाही. गडू जसा नेला तसा पुण्याला परत आला. सासूबाईंनी तो धुऊन जागेवर ठेवला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

यंदा माघात पुन्हा गेलो. फक्त रामेश्वर, चार रात्री. माघात ऊन सोसवतं, पाऊस सरलेला असतो. महाशिवरात्रीची गर्दी टाळली, तशीच पौषातली अमावास्याही. त्या अमावास्येला आणि आपल्या दिव्यांच्या अवसेला तिकडे पितरांसाठी माणसांचा पूर लोटतो.

या खेपेला रेल्वेनं गेलो. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी आठला तयार बसा. तिकीट काढताना वय नीट भरा. साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीपुढच्या बायका यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. चेन्नईला गाडी बदलताना बहुधा स्टेशनही बदलतं. सेंट्रल, एग्मोर, तांबरम यातलं तुमच्या तिकिटावर कोणतं आहे ते वाचा आणि मधे चांगले चार-पाच तास ठेवा. शेवटी रामेश्वरच्या बेटाला जोडणारा, समुद्रावरचा पांबनचा पूल येतो. १९१४ चा जुना पूल थकला, त्याच्या शेजारचा नवा २०२५ च्या रामनवमीला सुरू झाला. दोन्ही खिडक्यांतून समुद्र दिसायला लागला तसे सासूबाईंनी हात जोडले, ते पलीकडचा किनारा येईपर्यंत.

बावीस तीर्थांचा आग्रह या वेळी आम्ही सोडला. सासूबाईंनी अग्नितीर्थावर पाय भिजवले, ओंजळभर पाणी डोक्याला लावलं, आणि तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं. आमच्यातल्या धडधाकटांनी तीर्थं केली. गडद रंगाचे सुती कपडे, कोरडा जोड आणि पंचा प्लास्टिकच्या पिशवीत. मोबाइल खोलीवरच ठेवा, आत नेऊ देत नाहीत. स्फटिकलिंगाचं दर्शन पहाटे पाचच्या सुमारास असतं, त्यासाठी आदल्या दिवशी लवकर निजावं लागतं. आणि एक दुपार नुसती बाहेरच्या ओवरीसाठी राखून ठेवा. हजारावर खांब, नजर पोचेपर्यंत दोन्ही बाजूंना ओळ. हे बेट वाळूचं, तिथे असा दगड नाही, तो सगळा पाण्यापलीकडून आणला. सासूबाई तिथे जोत्यावर टेकून तासभर बसल्या. पहिल्या खेपेला याच ओवरीतून आम्ही त्यांना हाताला धरून जवळजवळ पळवलं होतं.

गडूचा डाग पुण्यातच उतरवून घेतला होता, तांबट आळीत. तिथल्या कारागिरानं हत्यार हातात घेण्याआधी गडू कपाळाला लावला. कानशीनं डाग उतरवला, तोंडावर मेण दिलं, वर फडकं बांधलं. तुम्हीही गंगा नेणार असाल तर तांबं-पितळेच्या भांड्यातच न्या, पत्र्याचं किंवा लोखंडी भांडं तिथे चालत नाही. आणि अभिषेकाची पावती कुठे, किती वाजता, हे पोचल्या दिवशीच विचारून घ्या.

रामेश्वरच्या गाभाऱ्यातले पुजारी परंपरेनं मूळच्या मराठी घराण्यांतले. त्यातल्या एका गुरुजींनी सासूबाईंना मराठीत विचारलं, "कुणाची गंगा?" त्यांनी आपल्या सासूचं नाव सांगितलं, गोत्र सांगितलं. इतक्या वर्षांत पाणी आटून जेमतेम दोन पेले उरलं होतं. गुरुजींनी गडू उपडा केला, थेंब थांबेपर्यंत धरला, आणि रिकामा गडू त्यांच्या ओंजळीत दिला.

निघायच्या दिवशी त्यांनी किनाऱ्यावर बसून त्यात वाळू भरली, मूठमूठ करून, शंख-शिंपल्यांचे तुकडे वेचून काढत. आता गडू पुन्हा देवघरात आहे. हलवला की आत वाळू सरकते. प्रयागच्या गाडीचं आरक्षण कधी उघडतं, तो दिवस सासूबाईंनी कॅलेंडरवर लाल पेनानं खूण करून ठेवला आहे.

नमस्कार.