हवेचा हिशेब

(दृश्य: झोपायची अरुंद कोठडी. भिंतीत जाळी, जाळीमागे फिरता पंखा.)

अंतराळात घडणाऱ्या कुमारांच्या कादंबऱ्यांत जुलमी सत्तेच्या हाती बहुधा हवेची चावी असते. कुणाला किती श्वास मिळेल, हे ती ठरवते. कथा कल्पित असली तरी हवेचा हिशेब खरा असावा लागतो.

एका माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. पाण्यातून वीज सोडून तो मिळवायचा, तर सुमारे ९४५ ग्रॅम पाणी खर्ची पडतं. यानात शंभर माणसं असली की केवळ श्वासापायी रोज जवळपास ९५ लिटर! उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची हायड्रोजनशी अभिक्रिया घडवली, तर त्यातलं निम्म्याच्या आसपास पाणी परत येतं. उरलेला हायड्रोजन मिथेनमध्ये अडकतो, आणि मिथेन बाहेर सोडून दिला की तोही गेला.

आता हा पंखा बघा. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर चढत नाही. पंखा बंद पडला, तर झोपलेल्याचा उच्छ्वास त्याच्याच तोंडाभोवती साचत जातो. डोकं ठणकतं, धाप लागते. मात्र कथेतलं यान स्वतःभोवती फिरून कृत्रिम गुरुत्व निर्माण करत असेल, तर हा प्रसंग तिथे बसणार नाही. ही चूक फार होते.

(दृश्य: वाळवंटात काचेची प्रचंड इमारत.)

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं हे ‘बायोस्फिअर २’, यानासारखंच बाहेरच्या हवेपासून तोडलेलं बंदिस्त जग. २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ जण दोन वर्षांसाठी आत गेले. शेत, छोटं जंगल, छोटा समुद्र, सगळं आतच. सोळा महिन्यांत हवेतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास उतरला. जिना चढतानाही दम लागू लागला.

ऑक्सिजन गेला कुठे? पिकं जोमानं यावीत म्हणून माती फार कसदार ठेवली होती. तिच्यातले सूक्ष्मजीव ऑक्सिजन वापरून कार्बन डायऑक्साइड सोडत राहिले. झाडांनी तो घेतला असता, तर ऑक्सिजन परत मिळाला असता. पण त्यातला बराचसा उघड्या काँक्रीटनं शोषला, त्याचं कॅल्शियम कार्बोनेट झालं, आणि ऑक्सिजन भिंतीतच अडकला. जानेवारी १९९३ मध्ये तो बाहेरून भरावा लागला.

दरम्यान आठ जणांत चार-चारांचे दोन गट पडले होते. शेतात मात्र दोन्ही गट राबत राहिले, कारण ताटातलं बहुतेक अन्न तिथलंच होतं.